कार्ड तिथंही चालतं

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शेजारीण भेटली. म्हणाली, शर्टांना काज-बटण करता करता कळ आली की तू तशीच मुटकुळं करून पडतेस. पित्ताशयातले खडे काढायलाच हवेत असं डॉक्टरांनी बजावलंय, तरी अंगावर काढतेस? अगं, आपल्यासारख्यांसाठी सरकारी आरोग्यविमा आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्याजणींनी कार्ड काढलं. तूही काढ आणि इकडेच ये. इथल्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. माझी खोली काडेपेटीएवढी, पण खिडकीखालची खाट तुझी. तुझ्या हातून वेणी घालून घेतल्याला किती वर्षं झाली गं!

लोभ आहेच, तो घेऊन ये.
तुझी चिमणी

१४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

कार्ड निघालं. फोटोत मी पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. विमा म्हणजे मेल्यावर मिळतो तो, असंच मी समजत होते. कारखान्याचा मालक म्हणतो, गेलीस तर तुझ्या जागी दुसरी ठेवीन. ठेवू दे. तुझ्याजवळ पडून पोटभर गप्पा मारायच्यात. अजून घोरतेस का?

तुझ्या भेटीकडे डोळे लावलेली,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझी तारीख ठरवायला दवाखान्यात गेले. खिडकीवरची बाई म्हणाली, एवढ्या लांब कशाला आणता? कार्ड त्यांच्या गावातल्या दवाखान्यातही चालतं. तुला कळवूच नये, असंही मनात आलं. पण प्रवासात कळ आली तर? कामही जाईल. तिथंच करून घे, ताई. वसतिगृहातल्या मुलींच्या परीक्षा आहेत, मला सुट्टी मिळत नाही. तुझ्या उशाशी मी नसणार, याचीच रुखरुख लागलीय.

राग मानू नकोस.
चिमणी

६ मे

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन पार पडलं, कामावरही जाते. शुद्धीवर येताना मी तुला सारख्या हाका मारत होते म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई शेवटी वैतागल्या. म्हणाल्या, अहो, त्या चिमणीला बोलवा तरी एकदा!

काल मालकाकडे रजा मागितली. त्यानं विचारलं, आता काय दुखतंय? म्हटलं, काही नाही. बहिणीकडे जायचंय.

रविवारी पोचते. बाकी समक्ष.
ताई