सतरा नंबरची गाडी

सोमवार, ३ मार्च

खोटं! छापील, मंत्र्याच्या सहीचं खोटं!

माझ्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं – "जिल्ह्यातील चाळीसही रुग्णवाहिका कार्यरत आहेत." चाळीस-ही! तो 'ही' ज्याने घातला त्याचे हात बघायचेत मला.

गेल्या महिन्यात माझ्या मतदारसंघातली अडलेली बाई गाडीची वाट बघत राहिली. शेवटी भाजीच्या टेम्पोत घातली. वाटेतच संपली. एकोणीस वर्षं नर्स होते मी, असल्या बाया या हातांनी सोडवल्यात. तिची सासू म्हणाली, "आम्ही तुम्हाला सांत्वनाला नाही निवडून दिलं. जाऊन विचारा त्यांना."

मंगळवार, ४ मार्च

रुग्णवाहिकांच्या आवारात गेले. पहारेकरी म्हणे, "परवानगी?" म्हटलं, "लोकप्रतिनिधी आहे, चोर नाही." तो हसला. हसू दे.

सव्वीस गाड्या विटांवर उभ्या. मोजल्या, दोनदा. सतरा नंबरच्या गाडीला तर एकही चाक नाही. आत स्ट्रेचरवर कोंबडी अंडी उबवत बसलेली!

बुधवार, ५ मार्च

पुरवणी प्रश्नाला उभी राहिले. मंत्री – "माहिती घेऊन सभागृहाला कळवण्यात येईल." मी आवाज चढवला. माईक बंद! समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "ताई इंजेक्शन द्यायला आल्यात!" हशा. मी हातातले कागद भिरकावले. अध्यक्षांनी दिवसभरासाठी बाहेर काढलं.

घरी येऊन भांडी आपटली. हे म्हणाले, "मंत्र्याला ऐकू जात नाहीये ते. मला जातंय."

गुरुवार, ६ मार्च

आमच्या गटनेत्यांनी झाप झाप झापलं. "तुम्ही चिडलात, तो सुटला! बातमी तुमच्या कागदांची झाली, गाड्यांची नाही. लहान प्रश्न विचारा. इतका लहान की त्याला पळायला जागा नको."

राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

अर्ध्या तासाच्या चर्चेची नोटीस दिली.

रविवार, ९ मार्च

रुग्णवाहिकेसाठी आलेले फोन घेणारी बाई घरी आली. पन्नाशीची, चप्पल दाराबाहेर अगदी जुळवून काढणारी. पिशवीतून झेरॉक्स काढल्या. संगणकात 'गाडी रवाना' असंच भरायला लावतात म्हणे. खरं काय झालं ते ती स्वतःच्या वहीत लिहून ठेवते.

"कशासाठी?"

"कुणाला तरी ठाऊक पाहिजे ना, ताई. फोन ठेवला की घास उतरत नाही."

टेम्पोत ती बाई गेली, त्या दिवसाचं पान होतं. सकाळी ११.४० – बाई अडली आहे – गाडी नाही. ११.५५ – तेच घर – गाडी नाही. असे पाच फोन. पाचव्यापुढे लिहिलंय – 'आता नको म्हणाले.'

मंगळवार, ११ मार्च

आज चर्चा झाली. आवाज चढवला नाही. नखं तळहातात रुतवून उभी होते.

"सतरा नंबरची गाडी आज कुठे आहे?"

अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी आली. मंत्री – "सेवेत आहे."

"म्हणजे रस्त्यावर?"

"हो, रस्त्यावर."

"तिला चाकं नाहीत, मंत्रिमहोदय."

त्याने चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग मी ते पान उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि पाचही फोन वाचले. शेवटची ओळ दोनदा वाचली. या वेळी कुणी हसलं नाही.

समोरच्या बाकांवरचे सगळ्यात जुने सदस्य काठी टेकत उठले. वाटलं, झालं, आता हे मला गप्प करणार. तर म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सरकार आमचं आहे. म्हणूनच उत्तर मलाही हवंय."

मग मंत्र्याला उठावंच लागलं. "दिलेलं उत्तर चुकीचं होतं." चुकीचं! खोटं म्हणायला जीभ वळेना! पण सर्वपक्षीय समिती नेमली, आठवड्यात प्रत्येक गाडी जागेवर जाऊन तपासायची. कामकाजात नोंद झाली. आता पळून दाखव म्हणावं!

बुधवार, १२ मार्च

सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर मी. हात वर, हातात ते पान. हे म्हणाले, "केस तरी नीट बांधायचेस." अभिनंदनाचे किती फोन! त्या सासूचाही आला. नुसती रडली.

शुक्रवार, १४ मार्च

फोन घेणारी बाई आली होती. बस म्हटलं, बसली नाही. पेपरातला फोटो तिच्या साहेबांनी मोठा करून पाहिला. अक्षर ओळखलं. काल तिला कामावरून काढलं.

"ताई, नुसतं वाचलं असतंत, तरी चाललं असतं."