वटवट्याची भुवई

१३ डिसेंबर १९३६, रविवार
जांबोटीच्या जंगलातून परत. अंग आंबून गेलंय. झऱ्याच्या डबक्यापाशी दोन सकाळी पाला पांघरून बसलो. कॅमेरा पाण्यावरच्या एकाच फांदीवर रोखलेला. पक्षी तिथं टेकला तरच फोटो. टेकला. चिमणीहून लहान, पानांच्या रंगाचा, क्षणभर स्वस्थ नाही. वटवट्यांपैकी आहे एवढं नक्की, पण दर हिवाळ्यात येणाऱ्यांतला कुठलाच वाटेना. आवाजही निराळा. निगेटिव्हच्या चार काचा खर्ची पडल्या. येता येता अण्णाच्या स्टुडिओत धुवायला टाकल्या. थोरला भाऊ फोटोग्राफर असल्याचा एवढा तरी फायदा.

१७ डिसेंबर, गुरुवार
फोटो मिळाले. चारींत डोळ्यावर रुंद पांढरी भुवई! प्रत्यक्षात एवढी ठळक दिसली नव्हती, पण तो पठ्ठ्या स्थिर बसला होता कुठं. शाळा सुटल्यावर कँपात गोऱ्या साहेबाकडे. निवृत्त इंजिनियर, पक्ष्यांची जाड पुस्तकं गावात त्याच्याचकडे. पानं उलटून उलटून दमलो, अशी भुवई कुणालाच नाही. म्हणाला, मुंबईच्या जाणकारांना पाठवतो, शोध तुझ्या नावावर लागेल. आज पहिल्यांदा खुर्ची दिली.
माझ्या नावावर. सायन्स मास्तरकीत आयुष्य गेलं, असं काही होईल असं वाटलं नव्हतं.

२२ डिसेंबर, मंगळवार
हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सांगितलं. ड्रॉइंग मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं. अण्णानं फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय, नवरा-नवरीच्या जोड्यांमध्ये. येळ्ळूरहून बाजाराला आलेल्यांना हाताला धरून दाखवतो म्हणे. हिनं संध्याकाळी ओवाळलं. नको नको म्हटलं, पण बरं वाटलं.

१० जानेवारी १९३७, रविवार
साहेबानं बोलावलं. उभंच ठेवलं. फोटो मुंबईहून परत आलेत. तिथल्या जाणकारानं भिंगाखाली पाहिले : भुवई पेन्सिलीची आहे. साहेब म्हणाला, तू तरी त्यांच्यातला नाहीस असं वाटलं होतं. त्यांच्यातला म्हणजे कुणातला, हे विचारायला हवं होतं.
तिथून तडक स्टुडिओत. अण्णा एका नवरीची काच घेऊन बसलेला, गालावरचे व्रण पेन्सिलीनं पुसत. काचेवर काळं ते फोटोत पांढरं. विचारलं, माझ्या काचांना हात लावलास?
"लावला की. डोळाच उठत न्हवता रं. वर जरा रेघा मारल्या. डोळं न्हाईत तर फोटो कसला?"
"कुठल्या काचेवर?"
"चारीबी. तुझं काम, म्हणून लई मन लावून केलं."
दर्शनी काचेतल्या फोटोकडे न बघता निघालो.

१२ जानेवारी, मंगळवार
वर्गात फळ्यावर खडूनं पक्षी काढलेला, मिशीएवढी भुवई. पुसला. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, चित्रकला तुमच्याच घरात आहे हे आधी सांगायचं नाही का. हेडमास्तर नजर टाळतात. अण्णाचं तोंड बघायची इच्छा नाही.

१४ जानेवारी, गुरुवार
संक्रांत. अण्णा तिळगूळ घेऊन स्वतः आला. पिशवीत काचा. टर्पेंटाइननं पेन्सिल पुसून आणलेल्या. तिळगूळ हातावर न ठेवता आधी काच उजेडात धरली. "बघ, हाय."
तिन्हींत काही कळत नाही. चौथीत आहे. बारीक, फिकट, पण आहे. म्हणजे भुवई खरीच होती, यानं जाड केली फक्त.
अण्णा खूश. मला तर आणखीच राग आला. हात लावला नसता तर हीच रेघ पुरली असती. आता या रेघेवर कोण विश्वास ठेवील? तसं बोललोही, नको इतकं. तिळगूळ हिच्या हातात देऊन तो गेला. सणाचं जेवणही तसंच राहिलं.

१७ जानेवारी, रविवार
चौथ्या काचेवरून काढलेला नवा फोटो घेऊन साहेबाकडे. पाहिलाच नाही. तुमच्या घरचा फोटो आता नको, पक्षी आण, म्हणाला. मारून, कातडी सोलून, भुसा भरून. मुंबईला पुरावा म्हणून तेवढंच चालतं. बारीक छऱ्यांची बंदूक स्वतःच काढून दिली. घेतली मी. का घेतली?

२४ जानेवारी, रविवार. जांबोटी
उजाडल्यापासून डबक्याशी. कॅमेरा घरीच. बरोबर शेजारच्या गुराख्याचं घोंगडं आणि बंदूक.
आला. त्याच फांदीवर. डोकं भिजवलं, पिसं झटकली. भुवई आहे. स्पष्ट पाहिली, अगदी काचेत होती तशी. नेम धरला होता. दोनदा प्यायला, उडाला.
चाप ओढला नाही. दया वगैरे आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. साहेबासमोर मी खरा ठरावा म्हणून याचा जीव घ्यायचा, याचीच चीड आली. आणि मारला नाही तर गावभर लबाड मी, आणि अण्णाही.
अण्णानं दुकानातला फोटो उतरवला म्हणे. जागा रिकामीच ठेवलीय.
शाळेत उद्याची रजा सांगून आलोय. पक्षी सकाळी पुन्हा पाण्यावर येईल. बंदूक अजून भरलेलीच आहे.