तासाभराचा फरक

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. आमच्या लॅपटॉपवर प्रोग्राम सुरळीत, सर्व्हरवर चढवला की आडवा. डायलिसिस सेंटरचा फोन — अपॉइंटमेंटची यादीच उघडत नाही. दिवसभर शोधाशोध. शेवटी काय, तर सर्व्हरवर एक जुनी फाइल, आमच्याकडे नवी. साहेब म्हणाले, "प्रत्येक मशीनवर वेगळा संसार. एकदाचं सगळं सारखं करा. तुम्हीच घ्या हे काम." मीच का, हे विचारायचंही त्राण नव्हतं.

७ मार्च

व्हर्च्युअल मशीन करून पाहिली. संगणकाच्या पोटात अख्खा दुसरा संगणक. दोन उघडल्या की लॅपटॉपला धाप लागते. मलाही.

१२ मार्च

आता कंटेनर. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात. तोच डबा आमच्याकडे, तोच सर्व्हरवर. पण डब्यात काय काय भरायचं ते लिहून द्यावं लागतं. आणि आमच्या सर्व्हरवर सहा वर्षांत कोणी हाताने काय घुसडलंय, देव जाणे.

घरी आले तर आईचा व्यायाम राहिलेला. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा डावा हात अजून उचलला जात नाही. "तू आधी बस," म्हणाली.

१८ मार्च

डबा चालला. पण अपॉइंटमेंटच्या सगळ्या वेळा तासभर आधीच्या! कोड उघडला — एके ठिकाणी चक्क एक तास वजा केलेला. दोन वर्षांपूर्वीची मलमपट्टी.

तेव्हा सर्व्हरने सगळ्यांना तासभर उशिराच्या वेळा दिल्या होत्या. पाळ्या कोलमडल्या. उशिरा आल्या म्हणून एका आजींना डायलिसिस न करताच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या अतिदक्षता विभागात. वाचल्या, नशीब.

आदल्या संध्याकाळी मौनीबुवाचा कोड चढला होता. दिवसाला चार वाक्यं बोलणारा सहकारी, म्हणून ते नाव आम्हीच ठेवलेलं. तो म्हणत राहिला, "माझ्या मशीनवर वेळा बरोबर येतायत." मिटिंगमध्ये हशा. मी मिटिंगला फोनवरून होते, गप्प बसले. मग एक दिवस तो तेही म्हणेनासा झाला. आम्हाला वाटलं, चूक कळली. त्याला काढलं.

१९ मार्च

मूळ सापडलं. सर्व्हरचं घड्याळच दुसऱ्या देशाच्या वेळेवर, तासभर पुढे; डब्यातलं मात्र बरोबर. हाताने केलेला बदल. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, वेळ: मौनीबुवाचा कोड चढला त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. लॉगिन माझं.

आठवलं. परदेशातल्या शाखेला त्यांच्या वेळेचा अहवाल तातडीने हवा होता. आईला त्याच सकाळी झटका आलेला. मी हॉस्पिटलच्या बाकावर, लॅपटॉप मांडीवर. म्हटलं, संध्याकाळी घड्याळ परत मागे घेऊ. संध्याकाळी आईची शुद्ध हरपली.

जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं. "दोन वर्षं झाली. आता कोण विचारतंय?" म्हणाला. खरंच आहे. कोणीच विचारत नाहीये.

२१ मार्च

साहेबांना लेखी दिलं. म्हणाले, "डबा चालतोय ना? मग कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, वर कळवा, नाहीतर मी कळवते. कागद ठेवून घेतला. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. विचार करायचाही कंटाळा आलाय.

२२ मार्च, शनिवार

मौनीबुवाला फोन केला. सगळं सांगितलं.

"ताई, लॉगमध्ये तुमचं नाव मी तेव्हाच पाहिलं होतं," म्हणाला. "तुमची आई व्हेंटिलेटरवर होती. म्हटलं, आत्ता नको. मग राहूनच गेलं."