रोट जपला, गाणं दिलं

मास्तर,

मँडोलिन मला महाग पडलं. दुकानदाराचे पैसे सोडा, ते कधीच फिटले. पण त्याच्यापायी कितीतरी सुट्ट्यांची झोप गेली, सुरतेत उधन्याहून तुमच्या कतारगामला येता-जाता सायकल खिळखिळी झाली, डाव्या हाताची बोटं अशी राठ झाली की मागावर तुटलेला धागा बोटाला कळेना आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. हेही सगळं मी आनंदानं दिलं असतं. पण त्याच्यापायी आईचं एक गाणं गेलं, आणि ते तुम्ही नेलं. हे मराठीत लिहितोय. तुम्ही गुजराती, आज असता तरी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि माझ्या आईची तक्रार तुम्ही शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायला हवी होती असं मला अजून वाटतं.

तुम्ही मला ठेवून घेतलं ते कानांमुळे. तुमच्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात मी बंद पडलेला रेडिओ घेऊन आलो होतो आणि तुम्ही गिऱ्हाइकाकडे पाठ करून मँडोलिन वाजवत बसला होतात. मी म्हणालो, जोडीतली एक तार उतरलीय. तुम्ही वळून पाहिलंत. ‘शुं वगाडे छे तू?’ म्हटलं, काही नाही, माग चालवतो. मग मी फुशारकी मारली, जी आजही मारतो. सुरतेबाहेर सचिन गावात आता माझा स्वतःचा कारखाना आहे, आणि एवढ्या खडखडाटात मी दारातूनच सांगतो की कुठल्या मागाचा धोटा अडकणार. कारागीर म्हणतात, शेठला चार कान आहेत. कानात एकदा गेलेली चाल माझ्याकडून हरवत नाही, असं मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगितलं. तुम्ही हसलात. ‘तो पछी बेस,’ म्हणालात, आणि स्टूल सरकवलंत.

त्या स्टुलावरचे दिवस चांगले होते, हे नाकारलं तर मी खोटा. तुम्ही शाम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक कापून, घासून, मला तारा छेडायची चकती करून देताय. ‘हाथ ढीलो राख, दिकरा. आ लूम नथी.’ मी हात सैल सोडतो, चकती उडून कपाटाखाली जाते, आणि आपण दोघं जमिनीवर गाल टेकवून ती शोधतोय. तुम्ही मला गरब्याच्या चाली शिकवल्या, डायरो म्हणतात त्या रात्रीच्या मैफलीतली लोकगीतं शिकवली. एक गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात. मँडोलिनला श्वास नसतो, सूर काढला की लगेच मरतो, म्हणून तार सतत थरथरवत ठेवायची, मोकळी जागा ठेवलीस तर लोक खुर्च्या सरकवायला लागतात. मी ते वेदवाक्य धरलं. वडील गेल्यापासून मला हाताला धरून कुणी काही शिकवलं नव्हतं.

म्हणूनच श्रावणात तुम्हाला घरी बोलावलं. आमच्या घरी कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, बसली होती, बायका रात्र जागवून गात होत्या. सकाळी विसर्जन झाल्यावर तुम्ही आलात, मँडोलिन घेऊन. पंचाईत प्रसादाच्या रोटाची. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा, परक्याच्या हाती तुकडाही जाऊ द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. आई दारात उभी राहून मला हळूच म्हणाली, ‘तुन्हा मास्तरले रोट देता येत नही, भाऊ. पन रिकामं कसं धाडू?’ तुम्हाला ते कळलं. तुम्ही हात जोडलेत. ‘तो पछी मने गीत आपो, बा.’

आईला केवढं हायसं वाटलं. पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून तिनं ते गाणं म्हटलं. कानबाई सासरी निघालीय आणि वाटेत मागे वळून बघते, तेवढंच. मधे एका जागी ओळ अर्धी सोडून आई थांबायची, काहीच म्हणायची नाही, आणि मग खालून, जवळजवळ बोलल्यासारखं, ‘माय’ म्हणायची. तुम्ही म्हणालात, ‘फरी एक वार, बा.’ तिनं पुन्हा म्हटलं. तुम्ही विचारलंत, इथे का थांबता? आई म्हणाली, ‘ती मांगे दखी र्‍हायनी ना. चालता चालता कशी दखी?’ तुम्ही तिच्या पाया पडलात. ती दिवसभर गल्लीत सांगत होती, गुजराथी माणूस, केवढा मोठा वाजवणारा, मन्ह्या पाया पडना. आम्ही रोट झाकून ठेवला आणि गाणं उघड्यावर ठेवलं. आमच्या जातीला एवढंच जपायचं शिकवलं होतं.

नवरात्रात मंडळाच्या भोंग्यावर तुमची नवी कॅसेट लागली. मी पहिल्याच ओळीला ओळखलं. चाल आईची, शब्द गुजराती, लय दुप्पट. आणि ती थांबायची जागा तुम्ही ठेवलीच नव्हती. तिथे मँडोलिनची थरथर भरली होती आणि वर टाळी. तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही, तुम्ही विचारून घेतलं होतं. आई पीठ भरल्या हातांनी दारात आली. समोरची बाई ओट्यावरून म्हणाली, ‘तुन्ही कानबाई ते गरबामा नाची र्‍हायनी, वं. कितलाले इकं?’ आई घरात गेली आणि भाकरी थापत बसली. पुढच्या श्रावणात बायका म्हणाल्या, म्हण ना ते. ती म्हणाली, ‘आते ते लोकेस्नं व्हयनं. मी नही म्हनाव.’ मरेपर्यंत म्हटलं नाही.

मी तुमच्या दुकानात आलो होतो, आठवत असेल. कॅसेटच्या खोक्यावर संगीत म्हणून तुमचंच नाव होतं. मला वाटलं होतं तुम्ही ओशाळाल. तुम्ही मला चहा सांगितलात. ‘लोकगीत छे, दिकरा. सूर कोईना बापनो छे?’ म्हणालात. उधन्याच्या गल्लीत मेलं असतं ते, मी अख्ख्या सुरतेला नाचवलं. मग, पुढच्या कॅसेटला दुसरं मँडोलिन तू धर. चांगलं बोलता तुम्ही, आणि क्षणभर मला मोह झाला, कारण तुमच्या शेजारी बसून वाजवावं हेच तर मला हवं होतं. मी म्हटलं, ‘मास्तर, बापाचा नाही, आईचा होता.’ तुम्ही टेपरेकॉर्डर उघडून त्यात तोंड घातलंत. मी चहा तसाच ठेवून निघालो. त्यानंतर आपण भेटलो नाही. तुम्ही गेल्याचं मला एका ढोलकीवाल्याकडून कळलं, पंधरवडा उलटल्यावर.

व्यवहार मला कळतो. धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं, आज त्यातल्या काहींबरोबर जेवायला बसतो. तुमच्याशी ते जमत नाही, कारण परक्यांनी जे नेलं ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. तुम्हाला तर मी हाताला धरून घरात आणलं होतं. आई मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा आमच्या सुनेनं कानबाई बसवली. म्हातारी माणसं आता कुणी उरली नाहीत. सून म्हणाली, बाबा, आजींचं ते गाणं तुम्हीच वाजवून दाखवा, आम्ही शिकून घेतो. मी मँडोलिन काढलं, तारा लावल्या, सगळ्या बायका भोवती येऊन बसल्या. सुरुवात केली आणि तुमची कॅसेट वाजायला लागली. थांबलो, पुन्हा केली, सावकाश केली. तरी तुमचीच. कुठे थांबायचं ते ठाऊक होतं, पण थांबून पुढे ‘माय’ कुठल्या सुरावर उतरायचं, ते येईना. सुनेला सांगितलं, तारा जुन्या झाल्यात.

आईची चाल मला आठवत नाही.