आखूड खूण

सोमवार, ४
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा, आणि खुर्ची चक्क करकरत नाही! काम दवाखान्याची वेबसाइट सांभाळायचं. आधीचा प्रोग्रॅमर आजारपणात गेला. रिसेप्शनवरच्या ताईंचा धाकटा भाऊ. आईमागे त्यांनीच वाढवलेला. त्याने कोड सुरू करायची खूण सगळीकडे आखूड लिहिली आहे, नुसतं <? एवढंच. जुन्या सर्व्हरला ते कळतं. आता साइट हलवायची आहे तो नवा सर्व्हर कोड चालवायचा सोडून जसाच्या तसा पानावर ओकतो. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये पूर्ण <?php लिहायचं, म्हणजे कुठेही चालेल. तीन अक्षरांची कंजुषी त्याची, हमाली माझी!

मंगळवार, ५
नव्या सर्व्हरवर चाचणी घेतली. कोड पानभर सांडला आणि मध्येच एक ओळ : 'ताई, जेवलीस का?' फाइल उघडून पाहिली, तर तिथे ती ओळ नाहीच. उचलली जीभ लावली टाळ्याला, ताईंना सांगून बसले. रोज दुपारी तो मान वर न करता हेच विचारायचा म्हणे. तो गेल्यापासून त्या दुपारचा डबा उघडत नाहीत.

बुधवार, ६
एक पान दुरुस्त केलं की ओळ पुढच्या, दुरुस्त न केलेल्या पानावर जाते. आज ताई माझ्या शेजारी बसून, पडद्याकडे बघत जेवल्या. जेवले रे, असं हळूच म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती, रडूच आलं.

शुक्रवार, ८
एकच फाइल उरली. तेवढी राहू दे म्हणून ताईंनी हात जोडले. पण त्याच पानावर पासवर्ड उघडा पडतोय, पेशंटची माहिती कुणाच्याही हाती लागेल. डॉक्टरांनी आजचीच मुदत दिली. केलं दुरुस्त. ताईंनी न जेवताच डब्याला झाकण लावलं.

ताई, जेवलीस का?

रविवार, १०
त्याला आता कुठेच जागा नाही. मग या डायरीत शुक्रवारच्या नोंदीखाली ही ओळ — अक्षर माझंच — मी लिहिलेली नाही —

सोमवार, ११
ताई आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत. पेन खाली ठेवायला गेले तरी हात लिहितोच — पहिल्याच दिवशी मीच ती खूण इथे लिहिली — आखूड — दुरुस्त न केलेली तेवढी एकच —

<? ताई, जेवलीस