थायरॉइडचं निमित्त

११ जानेवारी २०२५, शनिवार

दमणूक नुसती! भोरवरून सातची एसटी, कापूरहोळपर्यंत उभ्यानं. स्वारगेटला उतरून रिक्षा, मग तीन जिने. आणि एवढं करून पहिला प्रश्न काय — "काय नावानं हाक मारू?" फॉर्मवर शिवानी लिहिलेलं. ते नाव नकोय, नवं अजून सापडलेलं नाही. म्हटलं, सध्या नुसतं 'अहो' म्हणा. देवधर मॅडम हसल्या. बाई बरी वाटली.

त्या जेंडर थेरपिस्ट. दोन-तीन बैठका होतील, मग त्या पत्र देतील. ते पत्र असेल तरच हार्मोनचे डॉक्टर इंजेक्शन सुरू करणार. मी पुरुष आहे हे मला कळतंय तेव्हापासून माहीत आहे, पण सत्ताविसाव्या वर्षी त्याला कागद लागतो. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार? भोरला सेवा केंद्रात दिवसभर लोकांना मी हेच ऐकवणार — आधी दाखला आणा, मग बघू.

आईला सांगितलंय, थायरॉइडसाठी पुण्याला जायचंय. तेही हार्मोनच ना! तिची स्वतःची गोळी बारा वर्षं चालू आहे. लगेच डॉक्टरीण झाली — "उपाशीपोटी घ्यायची. वर अर्धा तास च्या प्यायचा न्हाई. कोबी बंद!" आवडती भाजी गेली. खोटं बोलल्याची शिक्षा.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या ठकुबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. "शिवानीला बी आण, काठाची साडी नेसव." डोकं दुखतंय सांगून अंथरूण धरलं. संध्याकाळी खरंच दुखायला लागलं.

२५ जानेवारी, शनिवार

आज मॅडमनी पकडलं! बोलता बोलता पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तासभर बोलताय, पण एकदाही 'मी आलो' नाही की 'मी आले' नाही. सगळं आपलं 'येणं झालं', 'जाऊन झालं'. मुद्दाम का?"

मुद्दाम कसलं, सवय! शाळेपासूनची. 'आले' म्हणायला जीभ वळत नाही. 'आलो' म्हटलं की लोक वळून बघतात. मग मधली पायवाट — केलं, खाल्लं, बघितलं, जाईन, येईन. मराठीत शोधल्या तर पळवाटा पुष्कळ, सगळ्या पाठ आहेत. पण प्रत्येक वाक्य तोंडातून सोडायच्या आधी तपासायचं! भात लावणीला दिवसभर वाकूनही एवढा शीण येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "इथं म्हणून बघा." तोंड उघडलं. नाही जमलं. रडूच फुटलं, लाज वाटली. "मग घरी वहीत लिहा. वहीला कोण विचारतंय?"

घरी येऊन वही चाळली. चार वर्षांची पानं — एकदाही नाही! वहीलासुद्धा घाबरायचं म्हणजे कमाल झाली.

२६ जानेवारी

मी काल पुण्याला ग—

नाही.

३ फेब्रुवारी

एका आजोबांचा अर्ज भरताना लिंगाची चौकट चुकून रिकामी राहिली. कॉम्प्युटर पुढं सरकेना. सोमनाथदादा, म्हणजे केंद्राचे मालक, मागून म्हणाले, "अगं शिवानी, ते भरल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. तुला काय नवीन हाय का?"

नवीन नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पत्र मिळणार! पुढच्या खेपेला. रक्ताच्या तपासण्याही करून झाल्या. मॅडमनी मराठीत छापलेला एक कागद दिला — काय काय बदलेल. पाळी थांबेल. आवाज घोगरा होईल. मिशी फुटेल. "आवाज बदलला की लपवता येणार नाही. आईला कधी सांगताय?"

म्हटलं, सांगेन. येईन-जाईनसारखंच ते, कुठंच न पोचवणारं. आई हाकलून देणार नाही, तेवढी खात्री आहे. पण ती तोंड फिरवून जेवण वाढेल, याची भीती वाटते. फार वाटते. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिनंच बोलणं टाकलं तर मिशीचं काय करायचं?

कागद थायरॉइडच्या फाइलमध्ये खुपसून ठेवलाय. तिथं कोण बघतंय!

२२ फेब्रुवारी

आई चार दिवस गप्प गप्प आहे. आज जेवायला कोबीची भाजी केलेली. म्हटलं, कोबी बंद ना? "खा गप," म्हणाली. पथ्य विसरली बहुतेक. वय झालं.

१ मार्च, शनिवार

पत्र हातात. सोमवारी पहिलं इंजेक्शन. एवढी वाट बघितली आणि नुसती झोप येतेय. आईला सांगितलं, परवा पुण्याला सुई आहे. तिनं मान हलवली. एवढंच. आजही खरं काही सांगून झालं नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी हंडा घेऊन नळाच्या वळणापर्यंत पोचायच्या आतच आईचा आवाज कानावर पडला. ठकुबाईंना सांगत होती, पण सगळ्या नळाला ऐकू जाईल असं — "आमच्याला थायरॉइड हाय. उद्या सुई. आवाज घोगरा हुनार, डाक्टरनीच लिवून दिलंय. मिशी बी फुटती. तवा कुनी त्वांडाकडं टकामका बघायचं न्हाई, आत्ताच सांगून ठिवते!"

आवाजाचं मी तिला कधीच सांगितलेलं नाही. मिशीचं तर नाहीच.

हंडा तसाच रिकामा घेऊन मी घरी आलो.