रेसरला डोंगराचा गिअर

२१ सप्टें., रवि.
खरवईचा चढ परत अर्ध्यात. उतरले, ढकलत नेली. मागे भाकऱ्यांचा डबा. लेक पिंकी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिची रेसर सायकल मला ठेवून गेली. सपाटीला पळते, चढाला दगड. आमचे मालक बोलले, "दसऱ्याला पाय न टेकता चढून दाखव. नायतर भंगारात देतो, स्कूटी घे." नको मला स्कूटी. पाय काय शोभेला दिलेत?

२३ सप्टें.
उल्हासनगर. लच्छूशेठच्या दुकानात एक मोडकी डोंगरी सायकल. मागच्या दात्यांची चकती केवढी, ताटलीच. चढ हलका जाणार. शेठ, "भाभी, रेसर में पहाड़ी का माल नहीं बैठेगा." बैठेगा कैसे नहीं, तुम खोलो तो. अख्खं मागचं चाक उचलून आणलं.
घरी बघते तर उंची बरोब्बर, पण चाकाचा मधला तुंबा, तो हब, जाड, फ्रेममध्ये शिरेना. ब्रेकपण डिस्कचा. माझा रबराचा. डोकं फिरलं.

२५ सप्टें.
परत शेठकडे. हसत होता मेला. चाक राहू दे, नुसत्या चकत्या काढायला लावल्या. दोन्हीकडे नऊच. माझ्या चाकावर बसल्या! पण रेसरचा गिअर ओढणारा हात आखूड, मोठ्या चकतीला घासतो. मग हातपण डोंगरीचा. हँडलवरचे गिअरचे खटके रेसरचेच. टक, टक, टक. शेठ बघतच राहिला. "अरे, ये तो चल गया!"

२८ सप्टें., रवि.
लांब चेन लागेल असं शेठ बोललेला. ऐकते कोण. जुनीच ठेवली. मोठ्या चकतीवर टाकली, कट्ट! चेन ताठ, पेडल जाम, मी तुळशीवर. आता नवीन टाकली. पाय असा फिरतो, जसं ताक घुसळतेय. एकटीच हसत बसले.

२ ऑक्टो., दसरा
मालकांची रिक्षा, मोठ्या दिरांचा टेम्पो, माझी सायकल. तिन्हींची पूजा. जाऊबाईंनी मागच्या चाकापाशी ही लांब झेंडूची माळ बांधली. पूजेची माळ कोण सोडतं? तशीच निघाले. मागे रिक्षात सगळे. जाऊबाई ओरडतायत, "चढ गो बाय, चढ!"
अर्धा चढ गेला. दम होता अजून! शेवटच्या खांबाशी माळ सुटली, थेट चेनमध्ये. गिअरच्या हातात झेंडूचा लगदा. पाय टेकला.
मालक, "टेकला. मी बघितला."
जाऊबाई, "भावजी, फुलांनी थांबवली. ती कुठं थांबली? हे धरायचं नाय."
तिथंच रस्त्यात अर्धा तास भांडण. आपट्याची पानं हातातच.

३ ऑक्टो.
चेनमधून पाकळ्या टोकरतेय. गुडघे दुखतात, मस्त दुखतात. मालक निकाल देत नायत. चहा पिताना बोलले, "रविवारी परत येतो रिक्षा घेऊन मागं."
या. फक्त हॉर्न मारू नका.